गावातल्या कुत्र्यांचा आजार माळावरच्या खोकडापर्यंत कसा पोहोचतो? सोलापूरजवळच्या २१९ कुत्र्यांनी दिलेलं उत्तर

पुणे-बंगळुरू महामार्गावरच्या मलकापुरातून पश्चिमेकडे निघालं की कोयनेचं दाट जंगल लागतं. पूर्वेला विट्याच्या दिशेनं निघालं की चित्र उलटं. झाडं विरळ होत जातात आणि पुढे माण, आटपाडी, सांगोल्याकडे बाभळी, बोरी, कुसळी गवत आणि मेंढरांचे कळप दिसू लागतात.

या माळाला आपण सहज ‘पडीक’ म्हणतो. पण शास्त्रज्ञांच्या भाषेत हा सव्हाना आहे, म्हणजे आफ्रिकेतल्या सिंहांच्या व्हिडिओत दिसतो तसाच गवताळ प्रदेश. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जुन्या मराठी साहित्यातले झाडाझुडपांचे उल्लेख तपासले गेले. पश्चिम महाराष्ट्रातली ही माळरानं किमान ७५० वर्षं जुनी आहेत, असं त्यातून समोर आलं.

या माळावर लांडगा, कोल्हा आणि खोकड राहतात. खोकड म्हणजे कोल्ह्याहून लहान, दोन-तीन किलोंचा, शेपटीचं टोक काळं असलेला प्राणी. उंदीर, किडे, बोरं असं काहीही खाणारा. आणि याच माळावर रोज फेरी मारतात गावातली कुत्री.

कुत्र्यांमुळे काय बिघडतं?

कॅनाइन डिस्टेंपर हा कुत्र्यांमधला विषाणूजन्य आजार. आधी ताप, नाका-डोळ्यांतून पाणी, मग झटके. माणसाला तो होत नाही, पण कुत्र्याच्या जंगली नातेवाइकांना होतो आणि वाघ-सिंहांनाही होतो.

१९९४ मध्ये टांझानियाच्या सेरेंगेटीत या आजारानं सुमारे एक तृतीयांश सिंह गेले. २०१८ मध्ये गुजरातच्या गीरमध्ये काही आठवड्यांत २३ सिंह दगावले आणि त्यातल्या काहींमध्ये हाच विषाणू सापडला. सिंहांची बातमी होते. खोकड मेलं तर कुणाला कळतही नाही.

नान्नजला काय केलं?

सोलापूर-बार्शी रस्त्यावरचं नान्नज माळढोक अभयारण्यासाठी प्रसिद्ध आहे. अनिरुद्ध बेलसरे, अबी तमीम वनक आणि मॅथ्यू गॉम्पर या संशोधकांनी या परिसरातल्या २१९ कुत्र्यांचे आणि ३३ खोकडांचे नमुने तपासले. त्यांचा अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला.

ऐकायला सोपं वाटतं. पण खोकड हा कायद्यानं संरक्षित प्राणी. त्यामुळे त्याला पकडायला आधी वन विभागाची परवानगी लागते. मग इजा होणार नाही अशा पद्धतीनं पकडायचं, बेशुद्ध करायचं, रक्त घ्यायचं आणि तो शुद्धीवर येऊन नीट पळेपर्यंत थांबायचं. सोलापूरच्या उन्हात रक्ताचा नमुना खराब होऊ नये म्हणून बर्फात ठेवून लवकर प्रयोगशाळेत न्यायचा. कुत्र्यांची अडचण वेगळी. ‘मोकाट’ वाटणारं कुत्रं बहुतेक वेळा कुणाच्या तरी दारचं असतं. मालकाचा विश्वास बसल्याशिवाय ते हाती लागत नाही, आणि आजार पसरतोय का हे कळायला तेच कुत्रं काही महिन्यांनी पुन्हा तपासावं लागतं.

रक्तात काय सापडलं?

रक्तात शोधतात त्या अँटिबॉडी. विषाणू शरीरात येऊन गेला की त्याची ही खूण मागे राहते. तीन विषाणू तपासले गेले: पार्व्हो, डिस्टेंपर आणि अॅडिनोव्हायरस.

- ९३ टक्के कुत्र्यांना आणि ८७ टक्के खोकडांना यातल्या किमान एका विषाणूची लागण होऊन गेली होती.
- कुत्र्यांमध्ये डिस्टेंपरच्या खुणा ७२ टक्क्यांहून अधिक, पार्व्होच्या ८८ टक्क्यांहून अधिक.
- खोकडांमध्ये पार्व्हो ४८ टक्के, अॅडिनोव्हायरस ५२ टक्के आणि डिस्टेंपर फक्त १८ टक्के.

१८ टक्के वाचून हायसं वाटेल. पण थांबा. अँटिबॉडी सापडते ती जिवंत प्राण्यात. ज्या खोकडांच्या रक्तात डिस्टेंपरची लागण चालू असल्याची चिन्हं होती, त्यांच्यात मृत्यूचं प्रमाण खूप जास्त दिसलं. म्हणजे आकडा लहान असण्याचं एक कारण असंही असू शकतं की लागण झालेली खोकडं मोजायला उरतच नाहीत.

मग सगळ्या कुत्र्यांना लस टोचली की झालं?

इथेच या अभ्यासाचं उत्तर अनपेक्षित आहे. बहुतेक कुत्री वर्षाची होईपर्यंत हे आजार अंगावर काढून मोकळी झालेली असतात. त्यांच्यात प्रतिकारशक्ती आधीच असते, मग मोठ्या कुत्र्यांना याच आजारांची लस देऊन फारसा फरक पडणार नाही. विषाणूला जिवंत ठेवतात ती दर हंगामात जन्मणारी नवी पिल्लं. जितकी पिल्लं, तितकं विषाणूला नवं घर.

सेरेंगेटीचा अनुभवही असाच बोलका आहे. तिथे आसपासच्या गावांतल्या कुत्र्यांना लस दिल्यावर कुत्र्यांमधला डिस्टेंपर घटला, पण सिंहांमधली लागण थांबली नाही.

रेबीजची गोष्ट मात्र वेगळी. तो माणसाचा जीव घेतो, त्यामुळे कुत्र्यांना रेबीजची लस हवीच.

डिस्टेंपरसाठी प्रश्न कुत्र्यांच्या संख्येचा आहे, आणि ही संख्या माळावर नाही, गावात ठरते. उघड्यावर टाकलेलं खरकटं, मेलेली जनावरं, कोंबडीच्या दुकानातला कचरा यावर ती वाढते. निर्बीजीकरण आणि कचऱ्याची नीट विल्हेवाट ही कामं ग्रामपंचायत आणि नगरपालिकेची. त्यांच्या यादीत खोकडाचं नाव नसतं, पण त्याचं जगणं बऱ्याच अंशी याच कामांवर अवलंबून आहे.