जनसुनावणी आणि अनेकांत

वाढवण बंदरासाठी १९ जानेवारी २०२४ रोजी पालघर येथे जनसुनावणी झाली. २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार अशा सुनावणीची सूचना किमान ३० दिवस आधी द्यावी लागते आणि अहवालाचा सारांश स्थानिक भाषेत उपलब्ध असावा लागतो. लेखी हरकतही नोंदविता येते. तारापूरच्या औद्योगिक सांडपाण्याविरुद्ध मात्र मच्छीमारांच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेस २०१६ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाकडे धाव घ्यावी लागली. नुकसानीनंतरच्या दाव्यापेक्षा आधीची हरकत स्वस्त पडते, हे व्यापाऱ्यास सांगावयास नको. करारातील प्रत्येक कलम वाचून सही करणाऱ्या जैन कुटुंबांनी तो सारांशही वाचावा. कारखानदार आणि मच्छीमार या दोघांचेही म्हणणे एकाच मांडवात शांतपणे ऐकणे, हाच व्यवहारातील अनेकांत होय.