पाय फाकलेले पिल्लू

परसातील कुक्कुटपालन हा ग्रामीण भागातील अल्पभूधारक व भूमिहीन कुटुंबांचा, त्यातही घरातील स्त्रीच्या हातचा जोडधंदा होय. अंड्यांचे चार पैसे बहुधा तिच्याच पदरी पडतात. खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवावीत, २१ दिवस वाट पाहावी आणि त्यांतून आठ-नऊ पिल्ले निघावीत, असा तिचा हिशेब असतो. त्यात एक पिल्लू कमी झाले तरी ते जाणवते. असे असूनही, दोन्ही पाय दोन बाजूंना फाकून पोटावर पडलेले पिल्लू दिसले की 'हे काही जगायचे नाही' असे म्हणून ते टाकून दिले जाते. वास्तविक अशा पिल्लांपैकी पुष्कळशी एका चिंधीच्या साहाय्याने दोन-चार दिवसांत चालू लागतात. मात्र ती चिंधी वेळेवर बांधली पाहिजे, आणि कोणत्या पिल्लास बांधावयाची हे ओळखता आले पाहिजे.

पाय फाकणे हा बहुधा रोग नसतो. नुकत्याच जन्मलेल्या पिल्लाची हाडे कोवळी व मांड्यांचे स्नायू दुबळे असतात. पायांखालची जागा गुळगुळीत असली की नखे रुतत नाहीत; उभे राहण्याच्या प्रत्येक प्रयत्नात पाय बाहेरच्या बाजूस घसरतो आणि काही दिवसांत सांधे त्याच स्थितीत आखडतात. पत्र्याचा तळ, प्लास्टिकचे घमेले, गुळगुळीत खोका ही त्याची नेहमीची कारणे. पिल्लांनी भुसा खाऊ नये म्हणून पहिले काही दिवस वर्तमानपत्र पसरण्याची पद्धत आहे. हेतू चांगला, परंतु वर्तमानपत्र वाचण्यास कितीही उपयुक्त असले तरी पिल्लाच्या पायांना ते मानवत नाही. पाटीत पेंढा किंवा तूस घालून कोंबडीखाली उबवलेल्या पिल्लांत हा दोष क्वचितच दिसतो, तो यामुळेच. उबवणी यंत्रातील उष्णता व आर्द्रता बिघडणे किंवा पिल्लू अंड्यातून कष्टाने बाहेर येणे, हीदेखील कारणे संभवतात.

येथे एक सावधगिरी हवी. अंड्यातून निघालेले प्रत्येक पिल्लू प्रथम अडखळतेच. अंगावरची ओली लव सुकून ते कापसासारखे फुलेपर्यंत त्यास हात लावू नये. पोटात शोषून घेतलेल्या बलकावर ते दोन दिवस सहज तग धरते, म्हणून भरवण्याचीही घाई नको. पूर्ण सुकल्यावरही पाय अंगाखाली येत नसतील तर मात्र थांबू नये. पहिल्या दोन दिवसांत उपाय केल्यास गुण येण्याची शक्यता अधिक. आठवडा उलटल्यावर ती फारच थोडी उरते.

उपाय साधा आहे. सुमारे एक सेंटिमीटर रुंदीची मऊ सुती पट्टी किंवा दवाखान्यातील चिकटपट्टी घ्यावी. पिल्लाचा पाय मध्ये मागे वळतो; त्या सांध्यास आपण गुडघा समजतो, पण तो खरे पाहता घोटा होय. या सांध्याच्या खाली व पंज्याच्या वर, दोन्ही पायांभोवती इंग्रजी आठच्या आकड्याप्रमाणे पट्टी फिरवावी. दोन पायांत साधारण अडीच सेंटिमीटर अंतर राहावे, म्हणजे पाय सरळ शरीराखाली येतात. चिकटपट्टीचा चिकट भाग कातडीस किंवा लवेस लागू नये, यासाठी आत कापूस ठेवावा. पट्टी आवळली की पंजा सुजतो किंवा काळा पडतो. म्हणून ती रोज पाहावी व सैल करून पुन्हा बांधावी. एका माणसाने पिल्लू ओंजळीत धरावे आणि दुसऱ्याने बांधावे, हे सोयीचे.

बांधलेले पिल्लू प्रथम तोंडघशी पडते. त्यामुळे घाबरून पट्टी सोडू नये. त्यास गोणपाटावर किंवा तुसाच्या थरावर ठेवावे. पाण्याच्या उथळ भांड्यात खडे घालावेत, अन्यथा ते बोटभर पाण्यातही बुडून मरते. इतर पिल्ले टोचतात म्हणून ते वेगळे ठेवावे, परंतु सोबतीस एखादे शांत पिल्लू द्यावे. पहिल्या आठवड्यात सुमारे ३५ अंश सेल्सिअस ऊब मिळाली पाहिजे. थंडीने आखडलेल्या पिल्लास कोणतीही पट्टी उभे करू शकत नाही.

आता कोणते पिल्लू या उपायाचे नव्हे, ते पाहू. पाय अंगाखाली असून बोटे आत मुठीसारखी वळलेली असल्यास जीवनसत्त्व ब-२ च्या कमतरतेचा संशय घ्यावा. अशा वेळी पाण्यातून ब-समूहाचे औषध दिल्यास आरंभीच्या अवस्थेत गुण येतो. मागचा सांधा सुजून पाय बाहेर मुरडलेला असेल, तर सांध्यावरील स्नायुबंध जागेवरून घसरलेला असतो. मँगनीज वा कोलीन यांची उणीव हे त्याचे एक प्रमुख कारण असून केवळ मक्यावर पोसलेल्या पक्ष्यांत मँगनीज कमी पडते. असे पिल्लू सहसा सुधारत नाही. त्याचे हाल लांबवू नयेत, हे सांगणे कठीण असले तरी सांगितले पाहिजे. काही आठवड्यांच्या पक्ष्याचा एक पाय पुढे व एक मागे ताणला गेला तर तो मॅरेक्स रोग असू शकतो. त्यावर उपचार नाही. त्याची लस पहिल्याच दिवशी उबवणी केंद्रात टोचली जाते. म्हणून गावात पिल्लांचे वाटप होत असताना ती टोचली आहे काय, हे पंचायत सदस्यांनी विचारून घ्यावे. अनेक पिल्ले एकदम लंगडू, थरथरू किंवा माना वाकड्या करू लागल्यास पट्टी शोधत न बसता पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे.

पट्टी बहुधा तीन-चार दिवसांत सोडता येते. सोडल्यावर पाय पुन्हा फाकू लागले तर आणखी एक-दोन दिवस बांधावी. केवळ घसरण्याने आलेला हा दोष पुढच्या पिढीत उतरत नाही. अशी तलंग पुढे इतरांसारखीच अंडी देते. एकाच कोंबडीच्या प्रत्येक उबवणीत मात्र अधू पिल्ले निघत असतील, तर पिल्लांपेक्षा त्या कोंबडीच्या खाद्याकडे पाहावे. तिला लसूणघास, तांदळाचा कोंडा व थोडे ताक सुरू करावे आणि पुढची अंडी काही आठवड्यांनंतरच उबवणीस ठेवावीत.