ब्रुकवूड : सरेच्या मातीत मुंबईची माणसं

1848-49च्या पटकीत लंडनमध्ये 14 हजारांहून अधिक माणसं दगावली आणि चर्चच्या आवारांत पुरायला जागा उरली नाही. म्हणून लंडन नेक्रोपोलिस कंपनीने सरे परगण्यातला ओसाड माळ घेतला आणि 1854मध्ये ब्रुकवूडची दफनभूमी सुरू केली. वॉटर्लूजवळून खास आगगाडी निघे. मृतांनाही पहिला, दुसरा, तिसरा वर्ग होता. शवपेटीला एकेरी तिकीट, नातलगांना परतीचं. एप्रिल 1941च्या बॉम्बहल्ल्यात लंडनचं स्थानक उद्ध्वस्त झालं आणि ही गाडी कायमची बंद पडली.

आज सुमारे 220 एकरांत उंच सिकोया आणि पाइन उभे आहेत. पण मुंबईकराने आधी गाठावा तो पारशांचा भाग. दादाभाई नौरोजी आणि त्यांच्या सोबत्यांनी 1861मध्ये लंडनमध्ये झरतुष्ट्री संस्था उभारली. पुढच्याच वर्षी तिने इथे जागा घेतली. पृथ्वी, अग्नी, पाणी विटाळू नये म्हणून मुंबईत देह डुंगरवाडीला नेतात. विलायतेत दोखमा, म्हणजे देह उघड्यावर ठेवायचा मनोरा, नव्हता, म्हणून या मंडळींनी दफन स्वीकारलं. धर्माची इतकी ओढ असलेल्या लोकांना हा निर्णय किती जड गेला असेल! आपली माणसं परक्या भूमीत बेवारशी राहू नयेत, ही काळजी मला त्यात दिसते.

1904मध्ये जर्मनीत वारलेल्या जमशेटजी टाटांना इथेच आणलं. धाकटे चिरंजीव रतनजी 1918मध्ये आले. थोरल्या दोराबजींची कहाणी मात्र चटका लावते. पत्नी मेहेरबाई 1931मध्ये ल्युकेमियाने गेल्या. वर्षभरात त्यांच्या समाधीच्या दर्शनाला निघालेले दोराबजी वाटेत जर्मनीतच वारले आणि पत्नीशेजारी विसावले. मरणापूर्वी त्यांनी आपली संपत्ती विश्वस्त निधीला दिली होती. परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय 1941मध्ये त्याच निधीतून उभं राहिलं. तिथल्या रांगेत बसलेल्या किती जणांना ब्रुकवूड ठाऊक असेल?

मुसलमानांच्या भागात कुराणाचे दोन इंग्रजी भाषांतरकार आहेत : काही वर्षं ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक राहिलेले मार्माड्यूक पिकथॉल आणि मुंबईत शिकलेले अब्दुल्ला युसूफ अली. दोघांचीही मुंबईशी गाठ.

लंडनला जाणाऱ्यांनी एक दुपार यासाठी राखावी. वॉटर्लूहून ब्रुकवूडला आजही गाडी जाते आणि फलाटाच्या दक्षिणेकडून थेट दफनभूमीत शिरता येतं.