राधानगरीतला यादृच्छिक बिंदू
2008 साली अमेरिकी व्यंगचित्रकार रँडल मन्रो यांनी मांडलेल्या ‘जिओहॅशिंग’ या खेळात दिनांक आणि डाऊ जोन्स या शेअर निर्देशांकाचा सुरुवातीचा आकडा यांवर गणिती प्रक्रिया करून अक्षांश-रेखांशांचा दशांश भाग काढला जातो, आणि त्यातून एक अंशाच्या प्रत्येक चौकोनात गाठायचा एक बिंदू ठरतो. राधानगरीच्या परिसरात हा चौकोन उत्तर-दक्षिण सुमारे 111, तर पूर्व-पश्चिम सुमारे 107 किलोमीटर भरतो. 74 अंश पूर्व रेखावृत्त जवळूनच जात असल्याने दोन चौकोन हाताशी येतात; पूर्वेकडच्यात कोल्हापूर, सांगली आणि उसाची शिवारे आहेत, तर पश्चिमेकडच्यात कोकणाबरोबर अरबी समुद्राचाही मोठा पट्टा येत असल्याने बिंदू कधी सरळ पाण्यातच पडतो. हिवाळ्यात वाटा कोरड्या आणि जळवांचा उपद्रव सरलेला असला, तरी सदाहरित झाडीत उपग्रहांचे संकेत पानांमुळे क्षीण होतात, कड्यांवरून परावर्तित होऊन उशिरा पोहोचतात, आणि मोबाइलवरचा ठिपका माणूस उभा असतानाही सरकत राहतो. दशांशचिन्हानंतरच्या पाचव्या स्थानाने सुचवलेली मीटरभराची अचूकता तेथे कागदावरच राहते. बिंदू गव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या राधानगरी अभयारण्यात पडल्यास वनविभागाच्या परवानगीशिवाय आत शिरू नये, आणि कोणाच्या उसात पडल्यास बांधावरूनच परतावे.