जुना लॅपटॉप घ्यावा की न घ्यावा?

राजुरी हे दुधाचे गाव. आळेफाट्यावरून अहिल्यानगरच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात गाव येते. गेल्या महिन्यात एका शेतकऱ्याच्या ठिबकची पाहणी करायला गेलो होतो. गोठ्यात सात गाई, दोन एकर कांदा, थोडे डाळिंब. पाहणी झाली, चहा झाला, आणि मालक म्हणाले, "साहेब, कांद्याचं राहू द्या. हे जरा बघा." पुढ्यात एक काळा लॅपटॉप ठेवला. ओळखीतल्या एका विक्रेत्याने दोन दिवस वापरून बघायला दिलेला. मागणी चौदा हजारांची. थोरल्या मुलीने बी.सी.एस.च्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेतला आहे, तिला हवा होता.

चौदा हजार म्हणजे त्या घरात दोन दहा दिवसांचे दुधाचे बिल, तेही पेंडीचा खर्च न धरता. नवा घ्यायचा तर याच्या अडीच-तीनपट पैसे लागणार. आणि नवा हप्त्याने घेतला की डोक्याला व्याज.

मी या विषयातला तज्ज्ञ नाही. पण ठेच खाल्लेली आहे. २०१९ मध्ये माझ्या मुलासाठी मी असाच एक जुना लॅपटॉप घेतला होता. बाहेरून चकचकीत, आत विंडोज ७. जानेवारी २०२० मध्ये कंपनीने त्या विंडोजला सुरक्षेच्या दुरुस्त्या देणे बंद केले. पुढे २०२३ मध्ये क्रोमनेही त्याच्यावर नव्या आवृत्त्या देणे थांबवले. यंत्र बिघडले नव्हते, पण बँकेचे काम त्यावर करायची हिंमत होईना. तेव्हापासून मी जुने यंत्र गाईसारखे पाहतो. आळेफाट्याच्या बाजारात आपण गाय घेताना आधी अंगावरची चमक बघतो का? दात बघतो, वेत विचारतो, सड चाचपतो, आणि जमले तर स्वतः धार काढून बघतो.

लॅपटॉपचे दात म्हणजे त्याच्या प्रोसेसरची पिढी. सेटिंगमध्ये सिस्टिम, त्यात अबाऊट, असे गेले की नाव दिसते. हातातल्या यंत्रावर 'आय५-६३००यू' असे होते. आडव्या रेघेनंतर चार आकडे असतील तर बहुतेक वेळा पहिला आकडा पिढी सांगतो. हे सहाव्या पिढीचे, म्हणजे २०१५ च्या सुमाराचे. '८२५०' असते तर आठव्या पिढीचे. '१०२१०' असे पाच आकडे असतील तर पहिले दोन धरायचे, म्हणजे दहावी. बाहेरच्या चिकटपट्टीवर मात्र विश्वास ठेवू नये, ती बदलता येते.

ही पिढी एवढी महत्त्वाची का? विंडोज १० ची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. नोंदणी करणाऱ्या घरगुती ग्राहकांना सुरक्षेच्या दुरुस्त्या १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, एवढीच सवलत. त्यापुढे विंडोज ११ हवे, आणि इंटेलच्या यंत्रांत ते साधारण आठव्या पिढीपासून पुढेच अधिकृतपणे चालते. शिवाय आत टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय लागते. मोठ्या कचेऱ्यांनी याच कारणाने सहाव्या-सातव्या पिढीची यंत्रे काढायला सुरुवात केली आणि ती बाजारात स्वस्त येऊ लागली. भाकड गाय स्वस्त का मिळते, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही.

मुलगी लगेच म्हणाली, "पण काका, ह्याच्यात तर अकरा आहे!" होतेच. आडवाटेने जुन्या यंत्रावर अकरा बसवता येते, ते चालतेही. पण पुढच्या दुरुस्त्या मिळतीलच याची हमी कंपनी देत नाही. विक्रेता खोटे बोलला नव्हता, अर्धे बोलला होता.

मग सड चाचपले. स्मरणशक्ती, म्हणजे रॅम, ४ जीबी. कागदावर अकराला तेवढी पुरते. प्रत्यक्षात चार खिडक्या उघडल्या की यंत्र कुंथू लागते. आठ हवी. आत फिरती हार्ड डिस्क होती. सुरू व्हायला चहाचा एक कप संपला. एसएसडी असती तर एवढा वेळ लागला नसता. जुन्या यंत्रावर एकच खर्च करायचा असेल तर तो एसएसडीवर करावा, असे माझे मत आहे.

बॅटरीचा अहवाल विंडोज स्वतःच देते. विक्रेत्याला 'बॅटरी रिपोर्ट' काढून दाखवायला सांगावे. इथे मूळ क्षमता ४५,००० मिलिवॅट-तास आणि आता भरते फक्त १८,०००. म्हणजे चाळीस टक्के. संध्याकाळी वीज गेली तर अर्ध्या-पाऊण तासात अंधार. टचपॅड वर उचललेला दिसला किंवा तळ फुगलेला वाटला तर ते यंत्र चार्जिंगला लावूच नये. फुगलेली बॅटरी पेट घेऊ शकते. इथे तसे नव्हते.

आणखी एक गोष्ट फार जण विसरतात. कचेरीतून आलेल्या यंत्राला कधी कधी कुलूप राहिलेले असते. विंडोज पुसून पुन्हा बसवल्यावर इंटरनेट जोडताच एखाद्या कंपनीचे नाव आणि तिचाच पासवर्ड मागितला गेला, तर ते आपले होणार नाही. म्हणून हे आपल्यासमोर करून घ्यावे. पक्के बिल घ्यावे, त्यावर तळाशी असलेला सिरियल नंबर लिहून घ्यावा. चोरीचा माल निघाला तर पोलिसांपुढे तोच कागद कामाला येतो.

एवढे होईपर्यंत मालकीणबाई दारात उभ्या होत्या. दुधाचा हिशेब त्यांच्याकडेच. त्यांनी विचारले, "हे घेतलंच पाहिजे का? मोबाइल हायेच की घरात चार."

प्रश्न खरा होता. सातबारा, महाडीबीटीचा अर्ज, हवामान, बाजारभाव, हे सगळे मोबाइलवर होते. डिजिटल सहीचा सातबारा पंधरा रुपयांत निघतो, त्यासाठी कोणी लॅपटॉप घेऊ नये. दुधाचा हिशेब संगणकावर मांडला की नफा वाढतो असेही मी म्हणणार नाही. वही नीट ठेवली तरी पुरते. पण बी.सी.एस.च्या मुलीला प्रोग्रॅम लिहायचे असतात, आणि ते मोबाइलच्या काचेवर बोट घासून शिकता येत नाही. कॉलेजची प्रयोगशाळा संध्याकाळी बंद होते आणि हिची एस.टी. त्याआधीच सुटते.

मालक म्हणाले, "मग हेच आठ हजारांत मागू का?" तोही मार्ग होता. अशा यंत्रावर लिनक्स बसवले तर ते फुकट मिळते, दुरुस्त्या चालू राहतात, आणि संगणक शिकणाऱ्याला ते यावेच लागते. आपल्या सी-डॅकनेही 'बॉस' नावाचे लिनक्स २००७ मध्ये काढले आहे. पण त्यावर एसएसडी, रॅम आणि बॅटरी घालायची म्हटल्यावर आठाचे पुन्हा चौदा होत होते. मुलीने कॉलेजात फोन करून विचारले. पुढच्या वर्षी एका विषयाला विंडोजच लागणार होते.

मालकीणबाईंनी हिशेब एका वाक्यात मिटवला. "तीन वर्षं टिकंल असं घ्या, नाहीतर नका घेऊ."

यंत्र परत गेले. पंधरवड्याने आठव्या पिढीचे, आठ जीबी रॅमचे, एसएसडी असलेले एक मिळाले. मागणी एकोणीस हजारांची. बॅटरी त्याचीही थकलेली होती. नव्या बॅटरीची किंमत वजा करून सोळा हजारांवर सौदा तुटला. मुलगी आता ते गोठ्याशेजारच्या खोलीत वापरते. मी गेलो तेव्हा खाली उशी ठेवून काम चालले होते. उशी काढायला लावली. खालच्या जाळीतून हवा खेळली नाही तर यंत्र तापते. मालकांनी पाट आणून दिला.