प्रकाश अडविणारा पडदा आणि प्रकाश देणारा पडदा

भर दुपारी एखादा माणूस उघड्या माळावर उभा राहून मोबाइलच्या पडद्याकडे पाहू लागला, की त्याची कशी तारांबळ उडते हे तुम्ही पाहिले असेल. तो पडद्यावर हाताची सावली धरतो, उन्हाकडे पाठ करतो, डोळे बारीक करतो. घरात झगझगीत दिसणारी अक्षरे उन्हात पार फिकट होऊन जातात आणि त्यांच्या जागी स्वतःचेच तोंड दिसू लागते. पण त्याच माणसाच्या मनगटावर आकड्यांचे साधे घड्याळ असले, तर त्यातील काळे आकडे उन्हात अधिकच ठसठशीत दिसतात. रात्र पडली, म्हणजे सारे उलटते. मोबाइलचा पडदा अंधारात दिव्यासारखा उजळतो आणि घड्याळातले आकडे मात्र शोधूनही सापडत नाहीत.

ऊन एका पडद्याचा शत्रू आणि दुसऱ्याचा मित्र का व्हावे? पडद्यावर चित्र उमटविण्याच्या ज्या दोन निरनिराळ्या रीती आहेत, त्यांत या प्रश्नाचे उत्तर आहे. पहिल्या रीतीत प्रकाश दुसऱ्याचा असतो. तो कोठे जाऊ द्यावयाचा आणि कोठे अडवावयाचा, एवढेच काम पडदा करतो. दुसऱ्या रीतीत पडद्याचा प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो. दिवाळीतला आकाशकंदील आठवा. त्यात दिवा एकच असतो आणि नक्षी दिसते ती बाहेरच्या रंगीत कागदामुळे. अंगणात मांडलेल्या पणत्यांची गोष्ट वेगळी. तेथे प्रत्येक पणती आपल्यापुरता उजेड देते आणि जी विझवावी तेथे खरोखरीचा काळोख होतो.

पहिल्या रीतीच्या पडद्यात प्रकाशाला झडपेसारखा अडविणारा जो पदार्थ असतो, त्याचा शोध मोठ्या विलक्षण प्रकारे लागला. १८८८ साली प्राग शहरात फ्रीडरिख रायनिट्झर नावाचे एक ऑस्ट्रियन वनस्पतिशास्त्रज्ञ कोलेस्टेरॉलपासून बनविलेला एक पदार्थ तापवून पाहत होते. बर्फ वितळले की पाणी होते, थिजलेले तूप वितळले की पातळ होते. घन पदार्थ एकदाच वितळतो, असा आपला नित्याचा अनुभव आहे. हा पदार्थ मात्र दोनदा वितळला! १४५.५ अंश सेल्सिअस तापमानाला त्याचा दुधासारखा गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना तो गढूळपणा एकाएकी जाऊन द्रव नितळ झाला. पदार्थात काही भेसळ असावी, अशी शंका कोणासही आली असती, आणि पुढे कित्येक वर्षे मोठमोठ्या विद्वानांना ती आलीही. रायनिट्झर यांनी जर्मनीतील ओटो लेमान यांना पत्र लिहून आपले नमुने पाठविले. पदार्थ तापवीत असतानाच तो न्याहाळता येईल, असे सूक्ष्मदर्शक यंत्र लेमान यांच्यापाशी होते. त्यातून त्यांना दिसले, की हा गढूळ द्रव पाण्यासारखा वाहतो, पण प्रकाशाशी वागतो तो स्फटिकासारखा. द्रवही खरा आणि स्फटिकही खरा, म्हणून त्याला द्रवस्फटिक असे नाव मिळाले.

अशा बहुतेक पदार्थांचे रेणू काडीसारखे लांबट असतात. पुराच्या पाण्यातून वाहत येणारे लाकडाचे ओंडके डोळ्यांपुढे आणा. ते एका जागी राहत नाहीत, एकमेकांवरून सरकत जातात. तरी पण बहुतेकांची लांबी प्रवाहाच्याच दिशेला असते. द्रवस्फटिकातील रेणूंची रचना साधारण अशीच असते. जागा बदलते, दिशा राहते. या दिशेवरच पुढची सारी करामत अवलंबून आहे.

येथे काही भारतीयांचे कार्यही सांगण्याजोगे आहे. काडीसारख्या रेणूंचेच द्रवस्फटिक होतात, असा समज पुष्कळ दिवस होता. १९७७ साली बंगळूर येथील रामन संशोधन संस्थेत शिवरामकृष्ण चंद्रशेखर आणि त्यांचे सहकारी यांनी चकतीसारख्या चपट्या रेणूंपासूनही द्रवस्फटिक होतो, हे दाखवून दिले. नाण्यांची चळत रचावी तसे हे रेणू एकावर एक बसतात. पुढे अशाच चकत्यांचे पातळ पापुद्रे पडद्यांवर बसविण्यात आले. त्यामुळे पडदा तिरक्या बाजूने पाहिला तरी चित्र बिघडेनासे झाले.

आता झडपेचे काम पाहू. दोरीचे एक टोक खांबाला बांधा आणि दुसरे हातात धरून वर-खाली हलवा. दोरीवरून उभी लाट धावत जाईल. वाटेत उभ्या गजांची खिडकी असली, तर ही लाट गजांमधून सुखाने पलीकडे जाईल. पण हात डावी-उजवीकडे हलविला, तर आडवी लाट गजांवर आपटून तेथेच थांबेल. प्रकाशाच्या लाटाही अशाच निरनिराळ्या दिशांनी कंप पावत असतात. त्यांपैकी एकाच दिशेच्या लाटा पलीकडे जाऊ देणारा एक पापुद्रा असतो. त्याला ध्रुवक म्हणतात. तो म्हणजे प्रकाशासाठी केलेली गजांची खिडकीच समजा. एक ध्रुवक उभा आणि त्यामागे दुसरा आडवा ठेवला, की प्रकाश मुळीच पार होत नाही.

१९७० साली स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे मार्टिन शाड्ट आणि वोल्फगांग हेल्फरिख यांनी अशा दोन ध्रुवकांच्या मध्ये द्रवस्फटिकाचा थर ठेवण्याची युक्ती काढली. हा थर मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ असतो. त्यातील रेणू गोल जिन्याच्या पायऱ्यांप्रमाणे हळूहळू वळत जातात. तळाचा रेणू जर उत्तर-दक्षिण असेल, तर माथ्याचा पूर्व-पश्चिम असतो. प्रकाशाची लाट या जिन्यावरून जाताना आपली दिशा वळवीत जाते. त्यामुळे उभी लाट वर पोहोचेपर्यंत आडवी होते आणि दुसऱ्या खिडकीतून सहज बाहेर पडते. थरावर थोडासा विद्युत्‌दाब दिला, म्हणजे मधले रेणू उठून उभे राहतात. जिना मोडतो, लाट वळत नाही, आणि दुसरी खिडकी तिला अडविते. तेवढी जागा काळी दिसते. दाब काढून घेतला, की जिना पुन्हा आपोआप बांधला जातो. सामान्य तापमानात नीट काम करणारा आणि टिकाऊ असा द्रवस्फटिक मात्र तेव्हा हाताशी नव्हता. इंग्लंडमधील हल विद्यापीठात जॉर्ज ग्रे यांनी १९७३ साली तो जगापुढे ठेवला आणि घड्याळांचा मार्ग मोकळा झाला.

आकड्यांच्या घड्याळात या झडपेच्या मागे परावर्तक पापुद्रा असतो. बाहेरचा उजेड आत शिरतो, पापुद्र्यावरून उलटतो आणि जेथे झडप बंद असेल तेथे अडतो. ऊन जितके कडक, तितकी आकड्यांमागची पार्श्वभूमी उजळ. मग काळे आकडे उठून का दिसणार नाहीत? शिवाय द्रवस्फटिकातून वीज जवळजवळ वाहतच नाही. रेणूंना उठविण्यापुरता दाब दिला, की काम झाले. म्हणूनच गुंडीएवढा सेल अशा घड्याळाला कित्येक वर्षे पुरतो.

दूरदर्शन संचाला मात्र बाहेरच्या उजेडावर भागत नाही. तेथे द्रवस्फटिकाच्या मागे पांढऱ्या प्रकाशाचे दिवे ठेवावे लागतात आणि पुढे तांबड्या, हिरव्या व निळ्या रंगांच्या गाळण्या लावाव्या लागतात. ध्रुवकांत आणि गाळण्यांत इतका प्रकाश खर्ची पडतो, की मागच्या दिव्याच्या उजेडाचा दहावा हिस्साही आपल्या डोळ्यांपर्यंत पोहोचत नाही. त्यात आणखी अडचण अशी, की झडप कितीही घट्ट लावली तरी थोडा प्रकाश झिरपतोच. अमावास्येची रात्र दाखवावयाची असली, तर ती काळी न दिसता करडी दिसते.

दुसऱ्या रीतीच्या पडद्यांचा जन्म अमेरिकेत रॉचेस्टर गावी, कोडॅक कंपनीच्या प्रयोगशाळेत झाला. चिंग टँग हे शास्त्रज्ञ तेथे सूर्यप्रकाशापासून वीज निर्माण करणाऱ्या सेंद्रिय थरांवर काम करीत होते. हीच क्रिया उलट केली तर? म्हणजे थराला वीज दिली, तर प्रकाश मिळेल काय? १९८७ साली त्यांनी आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी असा प्रकाश मिळविल्याचे जाहीर केले. सेंद्रिय पदार्थ विजेने उजळतात हे पूर्वीही ठाऊक होते, पण त्यासाठी फार मोठा विद्युत्‌दाब लागे. टँग आणि व्हॅन स्लाइक यांनी दोन पातळ थर एकावर एक दिले आणि दहा व्होल्टहूनही कमी दाबावर हिरवा प्रकाश मिळविला.

‘सेंद्रिय’ हा शब्द ऐकून तुम्हांला शेणखत आठवेल! येथे त्याचा अर्थ एवढाच, की हे पदार्थ कार्बनची संयुगे आहेत. दोन विद्युतग्रांच्या मध्ये, म्हणजे विजेच्या दोन टोकांच्या मध्ये, त्यांचे थर असतात. एका टोकाकडून इलेक्ट्रॉन शिरतात, आणि दुसऱ्या टोकाकडे इलेक्ट्रॉन निघून गेल्यामुळे रिकाम्या जागा होतात. त्या जागाही जणू आतल्या बाजूला सरकत येतात. इलेक्ट्रॉनला रिकामी जागा भेटली, की तो तीत पडतो आणि पडताना आपली जादा ऊर्जा प्रकाशरूपाने देऊन टाकतो. हा प्रकाश हिरवा की तांबडा, हे त्या संयुगाच्या घडणीवर ठरते. या थरांची जाडी माणसाच्या केसाच्या जाडीहून शेकडो पटींनी कमी असते. मागे दिवा नको, पुढे झडप नको. म्हणून पडदा अतिशय पातळ होतो. २००७ साली सोनी कंपनीने अशा पडद्याचा ११ इंची दूरदर्शन संच विक्रीस आणला, तेव्हा तो पडदा जेमतेम ३ मिलिमीटर जाड होता. आणि काळा म्हणाल, तर काजळासारखा काळा, कारण तेथे ठिपका विझलेलाच असतो.

मग साऱ्या जगाने हाच पडदा का घेऊ नये? चित्राची शोभा पाहिली, तर त्याची सर दुसऱ्यास येणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण शोभेवरच सारे काही ठरत नाही. पणत्या जितक्या अधिक पेटवाव्या, तितके तेल अधिक लागते. पांढरे पान दाखविताना हा पडदा वीज भराभर पितो. त्याचे थर वापराने झिजतात, त्यांतही निळा प्रकाश देणारी संयुगे लवकर थकतात. एकच चित्र महिनोन्‌महिने एकाच जागी ठेवले, तर त्याचा पुसट ठसा तेथे कायमचा उमटतो. ओल आणि हवेतील प्राणवायू हे तर या थरांचे वैरीच. आणि ऊन! दुपारच्या उन्हात ठेवलेला कोरा कागद अशा सामान्य पडद्याहून दहापट तरी उजळ असतो. सूर्याशी स्पर्धा करावयाची, तर बॅटरीचा जीव तो केवढा?

मनगटावर बांधण्याच्या नव्या घड्याळांत ही अडचण फारच जाणवू लागली. ही घड्याळे नकाशा दाखवितात, हृदयाचे ठोके मोजतात, निरोप आणून देतात. पण त्यांपैकी कित्येकांची बॅटरी एक-दोन दिवसांत संपते. डोंगरात वाट चुकलेल्या माणसाच्या मनगटावर विझलेला, काळा पडदा असला, तर त्याचा काय उपयोग? त्या घटकेला नकाशा तर गेलाच, पण किती वाजले हेही कळावयाचे नाही. गुंडीएवढा सेल घातलेले साधे घड्याळ अशा वेळी अधिक मोलाचे ठरते.

यावर निघालेला उपाय सरळ आहे. दोन्ही पडदे घ्यावे आणि एकावर एक ठेवावे! मोबव्हॉय या चिनी कंपनीने २०१८ साली ‘टिकवॉच प्रो’ नावाचे असे घड्याळ काढले. त्यात खाली सेंद्रिय थरांचा रंगीत पडदा आणि वर द्रवस्फटिकाचा पारदर्शक पडदा आहे. रंगीत पडदा पेटला, की वरचा आपल्या झडपा उघड्या ठेवून जणू काचच होतो. काम संपून खालचा विझला, की वरच्यावर वेळ, तारीख आणि चाललेली पावले एवढेच साधे आकडे उमटतात. वरचा एकटाच चालू ठेवला, तर बॅटरी ३० दिवसांपर्यंत पुरेल, असे कंपनीने सांगितले होते. दोन्ही पडदे वापरले, तर दोन दिवस! पुढच्याच वर्षी, २०१९ मध्ये, जपानच्या कॅसिओ कंपनीने डोंगरदऱ्यांत भटकणाऱ्यांसाठी काढलेल्या आपल्या घड्याळात हीच जोडी बसविली.

अर्थात ही जोडी फुकट मिळत नाही. वरच्या पडद्यातून येताना खालच्याचा थोडा प्रकाश गिळला जातो, घड्याळ काहीसे जाड होते आणि घडणीचा खर्चही वाढतो.

जपानमधील सेमीकंडक्टर एनर्जी लॅबोरेटरी या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी म्हणून आणखी खोलात जाऊन पाहिले. दोन पडदे एकावर एक ठेवण्याऐवजी एकाच ठिपक्यात दोन्हींना जागा का देऊ नये? २०१६ साली त्यांनी असा पडदा शास्त्रज्ञांच्या सभेत मांडला. त्यातील प्रत्येक ठिपक्यात एक इवलासा आरसा आहे, आणि त्यावर द्रवस्फटिकाची झडप आहे. उन्हात हा आरसा बाहेरचा प्रकाश उलटवितो आणि आकड्यांच्या घड्याळाप्रमाणे चित्र दिसते. पण आरशाला एक बारीक छिद्र ठेवलेले आहे, आणि त्यामागे सेंद्रिय थराचा दिवा आहे. अंधार झाला, की झडप स्वस्थ बसते आणि त्या छिद्रांतून हजारो दिव्यांचा उजेड बाहेर येतो. ना ऊन ना अंधार, अशा कातरवेळी दोन्ही मिळून काम करतात. आरसा मिळेल तेवढा उजेड परत करतो आणि जो उणा पडेल, तो दिवा भरून काढतो.