कान्हेरीच्या पोढ्या आणि मुंबईच्या गच्च्या

बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. पाहुणे येतात ते बहुतेक तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह, त्याच्या ओसरीतल्या उंच बुद्धमूर्ती आणि अकराव्या लेण्याचा ऐसपैस दरबार पाहून परत फिरतात. कलेच्या इतिहासातही कान्हेरीची ओळख याच दोन-चार जागांवर उभी आहे. उरलेल्या लेण्यांपैकी बहुतेक म्हणजे राहती घरे. एक ओसरी, आत एक-दोन खोल्या, निजायला दगडातच सोडलेला ओटा, पुढे छोटे अंगण, वर-खाली जायला खडकात खोदलेल्या पायऱ्या. आणि अंगणाच्या एका अंगाला, हात पोचेल अशा जागी, पाण्याचे टाके. शिलालेखांत या टाक्यांना ‘पोढी’ म्हटले आहे. इसवी सनाच्या आरंभापासून सुमारे अकराव्या शतकापर्यंत, म्हणजे हजार वर्षे, या डोंगरावर भिक्षूंची वस्ती होती. बारमाही नदी जवळ नव्हती, ओढा पावसाळ्यापुरता वाहणारा. ही वस्ती टिकली ती डोंगरावर पडलेल्या पावसावर. म्हणून कान्हेरीकडे देवस्थान किंवा शिल्पस्थान म्हणून पाहण्याआधी एक नीट आखलेली, स्वतःचे पाणी स्वतः साठवणारी गृहवसाहत म्हणून पाहावे असे मला वाटते. तसे पाहिले की ज्या महानगराच्या पोटात ती आज आहे, त्याच्या घरबांधणीतली एक मोठी चूक स्पष्ट दिसू लागते.

या टाक्यांची रचना साधी आहे, पण त्यात बारीक विचार आहे. लेण्याच्या दर्शनी भागावर, कपाळपट्टीच्या वर, खडकात उथळ पन्हळी खोदल्या आहेत. डोंगरउतारावरून येणारे पाणी थेट ओसरीत पडू नये, घर कोरडे राहावे, हे त्यांचे पहिले काम. आणि अडवलेले पाणी बाजूला वळवून टाक्यात सोडायचे, हे दुसरे. घराचे छप्पर आणि पाणलोट क्षेत्र अशा दोन वेगळ्या गोष्टी इथे नाहीतच. टाक्याचे तोंड लहान, बहुधा चौकोनी, आणि आतला पोकळ भाग मोठा. तोंड लहान असल्याने ऊन आत जात नाही, बाष्पीभवन कमी होते; अंधारात शेवाळही फारसे धरत नाही. कित्येक टाकी अंगणाखाली किंवा लेण्याच्या जमिनीखाली शिरलेली आहेत, म्हणजे त्यांनी राहण्याची जागा खाल्लेली नाही. वरचे टाके भरले की पाणी खालच्या पातळीवरच्या टाक्याकडे जावे अशीही सोय जागोजाग दिसते. शिवाय खालच्या घळीत पाणी अडवण्यासाठी घातलेल्या जुन्या बंधाऱ्याचे अवशेष आहेत. घराचे वेगळे पाणी आणि वस्तीचे सामाईक पाणी असे दोन थर त्यांनी राखले होते. हीच रीत पुढे सह्याद्रीच्या किल्ल्यांवर चालू राहिली. शिवनेरीवरची गंगा-जमुना टाकी त्याच परंपरेतली.

आता थोडा हिशेब मांडू. मुंबईच्या उपनगरांत वर्षाला साधारण २,३०० मिलिमीटर पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. एका लेण्याच्या वरच्या उताराचे फक्त ५० चौरस मीटर क्षेत्र धरले, तरी त्यावर वर्षाला १,१५,००० लिटर पाणी पडते. निम्मे वाया गेले असे मानले तरी ५७,००० लिटर हाती येते. दोन भिक्षूंना दिवसाला प्रत्येकी २५ लिटर लागतात असे धरले, तर कोरड्या आठ महिन्यांची त्यांची गरज जेमतेम १२,१५० लिटर. अडीच मीटर लांब, अडीच मीटर रुंद आणि दोन मीटर खोल टाक्यात हे पाणी मावते. हे आकडे माझे, नमुन्यादाखल घेतलेले. पण कान्हेरीत टाकी मोठी न करता प्रत्येक घराला एक अशी का वाटून दिली असावीत, ते त्यांतून कळते. पाऊस भरपूर होता. अडचण होती ती आठ महिने तो पुरवण्याची. आणि पुरवायचे तर साठा वापरणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हवा. टाक्यातली पातळी रोज पाहणाऱ्या माणसाला फाल्गुनात काटकसर कर असे वेगळे सांगावे लागत नाही.

शिलालेख आणखी एक गोष्ट सांगतात, आणि ती मला सगळ्यांत मोलाची वाटते. टाके हे दान होते, लेण्याइतकेच प्रतिष्ठेचे. कल्याणच्या एका सोनाराने संघाला पाण्याची पोढी दिल्याची नोंद इथे कोरलेली आहे. लेणे आणि पोढी ही दोन्ही एकाच दात्याने एकत्र दिल्याचे लेखही आहेत. दाते कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, दूर नाशिकचेही. व्यापारी, कारागीर, गृहस्थ, भिक्षुणी. त्यांच्या लेखी घर देणे म्हणजे पाण्यासकट घर देणे. पुढची तजवीजही ते करत. अक्षयनीवी म्हणजे मुद्दल न मोडता केवळ उत्पन्नावर चालणारी ठेव. अशा ठेवींचे उल्लेख कान्हेरीत अनेक आहेत. अमोघवर्ष राष्ट्रकूटाच्या काळातल्या, नवव्या शतकातल्या लेखांत भिक्षूंच्या वस्त्रांबरोबर विहाराच्या दुरुस्तीसाठीही पैसे नेमून दिले आहेत. खडकात कोरलेल्या वास्तूलाही डागडुजी लागते, पन्हळीतला पाचोळा दरवर्षी काढावा लागतो, टाक्यातला गाळ उपसावा लागतो, हे ओळखून त्याची किंमत आधीच बाजूला काढलेली होती.

याच डोंगराच्या आसपास मुंबईच्या पाण्याचा पुढचा अध्याय लिहिला गेला. १८६० मध्ये विहार तलाव झाला, १८७९ मध्ये तुळशी. दोन्ही कान्हेरीपासून जवळच. त्यानंतर १८९२ मध्ये तानसा, मग वैतरणा, मग भातसा, आणि २०१४ मध्ये मध्य वैतरणा असे शहर पाण्यासाठी लांब लांब जात राहिले. आज सात तलावांतून दिवसाला सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी मुंबईला येते, त्यातले बहुतांश शंभर किलोमीटरच्या आसपासच्या आणि त्याहूनही दूरच्या धरणांतून. ही अभियांत्रिकी थोर आहे. तिच्याशिवाय हे शहर एक आठवडाही चालणार नाही. पण तिची किंमत कुणीतरी मोजते. तानसा, भातसा, मोडकसागर ज्या शहापूर तालुक्यात आहेत, त्याच तालुक्यातल्या गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आणि हे लांबून आणलेले, शुद्ध केलेले, पंपांनी उंच चढवलेले पाणी आपण मुंबईत पिण्याइतकेच शौचालयाच्या टाकीत सोडतो. त्याच वेळी गच्चीवर पडलेला पाऊस पाइपाने गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून समुद्रात जातो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा त्या पाण्याला थांबायला शहरात जागाच उरली नव्हती. पाणीटंचाई आणि पूर यांचे मूळ इथे एकच आहे: घर बांधताना पावसाचा विचार फक्त तो बाहेर घालवण्यापुरता झाला.

यावर पहिला आक्षेप सहज येतो आणि तो खरा आहे. मूठभर विरक्त भिक्षूंची वस्ती आणि २०११ च्या जनगणनेत १ कोटी २४ लाख लोकसंख्या असलेले शहर यांची तुलना कशी करायची? सरळ करता येत नाही, हे मान्य. ५०० चौरस मीटर गच्ची असलेली, ४० बिऱ्हाडांची इमारत घ्या. वीस टक्के गळती-नुकसान वजा करून त्या गच्चीवर वर्षाला सुमारे ९,२०,००० लिटर पाणी मिळेल. घरटी चार म्हणजे १६० माणसे, माणशी दिवसाला १३५ लिटर, तर दिवसाची गरज २१,६०० लिटर. म्हणजे वर्षभराच्या पावसात जेमतेम ४२ दिवस भागतील. पावसावर टॉवर जगेल असे म्हणणे ही फसवणूक ठरेल. पण या १३५ लिटरांतले ४५ लिटर शौचालयाच्या फ्लशसाठी धरले जातात. १६० माणसांचे हे दिवसाला ७,२०० लिटर आणि पावसाळ्याच्या १२२ दिवसांचे ८,७८,४०० लिटर. म्हणजे गच्चीवर पडणारे पाणी आणि पावसाळ्यातली फ्लशची गरज जवळजवळ बरोबरीची आहे. त्यासाठी आठ महिन्यांचा साठा नको, पावसाच्या दोन सरींमधली उघडीप निभावेल एवढी, दहा-पंधरा दिवसांची टाकी पुरे. पाऊस सरला की त्याच नळांना आंघोळीचे, गाळून घेतलेले सांडपाणी जोडता येते; ते तर बारा महिने येत असते. तलाव भरून वाहत असतील तेव्हा ही बचत कशाला, असेही कुणी म्हणेल. भरपूर पावसाच्या वर्षी त्यात तथ्य आहे. पण पाऊस ओढ देतो तेव्हा जून-जुलैत धरणातून न उपसलेले पाणी पुढच्या मेपर्यंत साठ्यात उभे असते, आणि पाणी शुद्ध करून वर चढवायची वीज तर दरवर्षीच वाचते.

दुसरा आक्षेप आरोग्याचा, आणि तो अधिक गंभीर आहे. साठलेले पाणी म्हणजे डास. १९११ साली डॉ. चार्ल्स बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची चौकशी केली आणि घराघरांतल्या विहिरींकडे बोट दाखवले. त्यानंतर शहरातल्या अनेक विहिरी बुजवल्या किंवा झाकल्या गेल्या. तो निर्णय भीतीपोटी घेतलेला नव्हता. माणसे खरोखर मरत होती. पण विहिरी बुजल्या म्हणून हिवताप शहरातून गेला नाही. छपरांवरच्या उघड्या टाक्या, बांधकामांवरची साचलेली डबकी, ताडपत्रीच्या खोळी यांत डास अजून होतात, त्यात डेंग्यूचीही भर पडली आहे. म्हणजे दोष साठ्याचा नसून उघड्या आणि बेवारस साठ्याचा आहे. लहान तोंडाचे, झाकण घट्ट बसणारे, आत अंधार असलेले, ज्याच्याकडे कुणाचे तरी रोज लक्ष आहे असे टाके हिवतापाला पोसत नाही. पहिल्या एक-दोन सरींचे गच्ची धुतलेले पाणी सोडून द्यायचे, पुढचे वाळू-खडीतून गाळून घ्यायचे आणि ते पिण्याच्या नळाला कधीच जोडायचे नाही, एवढी शिस्त पाळली तर धोका आज नळाच्या पाण्याच्या टाकीत असतो त्याहून जास्त नाही.

तिसरा आक्षेप असा की हे सगळे कायद्यात आधीच आहे. महापालिकेने २००२ पासूनच मोठ्या भूखंडांवरच्या नव्या इमारतींना पावसाचे पाणी साठवण्याची सक्ती केली, आणि नंतर ती लहान भूखंडांपर्यंत आणली. मग अडले कुठे? माझ्या मते दोन ठिकाणी. एक, या नियमाची पूर्तता बहुधा शोषखड्ड्याने केली जाते. मुंबईचा बराच भाग भराव घालून मिळवलेला आहे, पावसाळ्यात तिथे भूजल आधीच जमिनीला टेकलेले असते; आणि जिथे खाली सलग कातळ आहे तिथे पाणी मुरतच नाही. पुण्या-नगरकडे जो उपाय योग्य, तो वडाळ्याला किंवा कुलाब्याला लागू पडेलच असे नाही. कान्हेरीच्या कारागिरांसमोरही कातळच होता, आणि त्यांनी पाणी मुरवण्याच्या नादी न लागता कातळालाच भांडे केले. भूमिगत टाकी आज प्रत्येक इमारतीत असतेच. तिच्या शेजारी दुसरी बांधणे हे नव्या इमारतीच्या एकूण खर्चात अगदी किरकोळ. दोन, भोगवटा प्रमाणपत्र मिळाले की बांधकाम करणाऱ्याचा त्या व्यवस्थेशी संबंध संपतो आणि राहणाऱ्यांना ती कुठे आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. एका वर्षात जाळी तुंबते, दुसऱ्या वर्षी पाइप कुणीतरी गटाराला जोडून टाकतो.

इथे अक्षयनीवीकडे परत जावे लागते. महाराष्ट्रातल्या सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत दुरुस्ती निधीसाठी बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंडासाठी किमान ०.२५ टक्के दरवर्षी जमा करण्याची तरतूद आहे. म्हणजे नव्या कराची गरज नाही, पैसा ठेवायची जागा आधीच आहे. तिच्यात पावसाच्या पाण्याचे स्वतंत्र खर्चशीर्ष घालावे, आणि ते वार्षिक सर्वसाधारण सभेच्या हिशेबपत्रकात छापले जावे: मे महिन्यात गच्ची व पन्हळींची सफाई, गाळणीतली वाळू बदलणे, टाकीतला गाळ काढणे, सप्टेंबरअखेर किती पाणी वापरले त्याची मीटरवरची नोंद. पालिकेनेही टाकी बांधली का हे एकदाच तपासण्यापेक्षा ही नोंद दरवर्षी मागावी आणि मालमत्ता करातली सूट तिच्यावरच बेतावी. ज्या संस्थांचा पुनर्विकास येत्या काही वर्षांत ठरायचा आहे, त्यांना तर ही संधी फार मोठी आहे. विकासकाशी करार करताना चटई क्षेत्र, पार्किंग आणि कॉर्पस यांवर महिनोन् महिने घासाघीस होते. त्याच मसुद्यात फ्लशसाठी वेगळ्या नळवाहिन्या, पावसाच्या पाण्याची वेगळी टाकी आणि आंघोळीच्या पाण्याची गाळणी ही तीन कलमे घालून घ्यावीत. भिंती उभ्या राहिल्यावर या नळवाहिन्या टाकायच्या म्हणजे स्नानगृहे फोडावी लागतात, आणि तेवढ्यासाठी ती कुणी फोडत नाही.